मार्च मॅडनेस: खेळाडू वाटप, नियम आणि श्रीखंड

प्रेषक: मिलिंद
रविवार, १६ मार्च २०२५, रात्री ८.५०

मंडळी, नमस्कार.

संध्याकाळी मार्च मॅडनेसचं, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचं, ब्रॅकेट (कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता) जाहीर झालं. यंदा नुसतं "कोण जिंकणार" भरायचं नाही, खेळाडू वाटून घ्यायचे. आपण आठ जण, प्रत्येकी आठ खेळाडू. निवड उद्या रात्री नऊला झूमवर. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळणार नाही. खेळाडूचे स्पर्धेतले गुण तेवढे मोजायचे. रिबाउंड, असिस्ट काही नाही, नाहीतर तक्ता भरता भरता माझी नोकरी जाईल. संघ हरला की त्याचे खेळाडू तुमच्यासाठी संपले. बदली नाही.

क्रमासाठी चिठ्ठ्या टाकल्या. भिशीचाच डबा, धाकटीने काढल्या. पहिली वैशाली, दुसरा मी (हसू नका, डबा हलवताना घरचे सगळे बघत होते), तिसरा अन्वय. शेवटचे, आठवे, श्रीकांतकाका. फेऱ्या नागमोडी: पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत पहिला. काकांना एका दमात दोन मिळतात, त्यामुळे रडगाणं नको.

मिलिंद

---

प्रेषक: स्मिता (सचिव)
रविवार, १६ मार्च, रात्री ९.१५

मिलिंद, यात पैसे लावणार असाल तर मंडळाच्या यादीवर हा विषय चालणार नाही. आपली संस्था ना-नफा आहे. आणि ३० तारखेला पाडवा आहे, त्याच्या मेल या गर्दीत हरवतात. स्वयंपाकघरासाठी अजून सहा स्वयंसेवक हवेत.

स्मिता

---

प्रेषक: अन्वय
रविवार, १६ मार्च, रात्री ९.४०

स्मितामावशी, पैसे नाहीत. तसंही न्यू जर्सीत परवाना असलेल्या ठिकाणीसुद्धा राज्यातल्या कॉलेजांवर पैसे लावता येत नाहीत. ते बदलायचा प्रस्ताव २०२१ ला मतदानात पडला. मी सुचवतो: स्वीट सिक्स्टीन (शेवटच्या सोळा संघांची फेरी) २८ ला शुक्रवारी रात्री संपतं. तेव्हा जो तळाला असेल त्याने पाड्व्याचं श्रीखंड करायचं. विकतचं नाही. चक्का टांगायला शनिवार मिळतो.

(मावशी, माझं नाव स्वयंपाकघरात लिहा. आईने सांगितलंय.)

---

प्रेषक: वैशाली
रविवार, १६ मार्च, रात्री १०.०५

मी हे पहिल्यांदाच खेळतेय आणि चिठ्ठी नेमकी माझी पहिली! देशात सगळ्यात जास्त गुण करणाऱ्यांची यादी काढली. वर व्हिलानोव्हाचा एरिक डिक्सन आहे. तो घेऊ ना? नाहीतर आपल्या रटगर्सचा डिलन हार्पर. अन्वय त्याचे सामने बघायला थंडीत रांगेत उभा असायचा.

---

प्रेषक: श्रीकांत
सोमवार, १७ मार्च, सकाळी ६.२०

चि. वैशाली,

डिक्सन सामन्यामागे २३ च्या वर गुण करतो हे खरं, पण व्हिलानोव्हा स्पर्धेतच नाही. रटगर्सचीही तीच गत. हार्पर आणि एस बेली, दोघं जूनमध्ये एनबीएच्या (व्यावसायिक लीगच्या) खेळाडू-निवडीत पहिल्या पाचांत जातील असं जो तो म्हणतोय, आणि हे दोघं असूनही संघाने ३२ पैकी १५ सामने जिंकले. म्हणजे पहिली गोष्ट, यादीतल्या नावासमोर संघ वाच आणि तो संघ ब्रॅकेटमध्ये आहे का ते बघ. दरवर्षी कोणीतरी यात फसतं.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. मी आयुष्यभर आयुर्विम्याचं गणित केलं. तिथे माणूस किती कमावतो हे नंतर, आधी तो किती जगेल ते बघतात. इथेही तेच. मुख्य फेरीत ६४ संघ. शुक्रवार संपेपर्यंत ३२ घरी गेलेले असतील. तीन किंवा त्याहून जास्त सामने फक्त १६ संघांच्या वाट्याला, पाच सामने चौघांच्या, सहा दोघांच्याच. एकूण सामने ६३, म्हणजे संघामागे सरासरी दोनसुद्धा भरत नाही. वीस गुणांचा हिरो पहिल्याच दिवशी गेला तर वीस. बारा गुण करणारा साधा पोरगा चार सामने टिकला तर अठ्ठेचाळीस. तू खेळाडू निवडत नाहीस, सामने निवडतेस.

ब्रॅकेटचे गट चार, प्रत्येकात एक ते सोळा मानांकनं. म्हणून पहिल्या मानांकनाच्या चार संघांत आधी बघ: ड्यूक, फ्लोरिडा, ऑबर्न, ह्यूस्टन. १९८५ ला ६४ संघ झाले तेव्हापासून पहिलं मानांकन सोळाव्याकडून १५६ वेळांत दोनदा हरलंय. २०१८ ला व्हर्जिनिया आणि २०२३ ला पर्ड्यू. पर्ड्यूकडे तर सात फूट चार इंचांचा झॅक ईडी होता, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. ज्याने ज्याने त्याला पहिला उचलला त्याचं दुकान एका रात्रीत बंद.

तिसरी गोष्ट संघाचा वेग. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएपेक्षा आठ मिनिटं कमी. त्यात ह्यूस्टन संथ खेळतं, समोरच्यालाही धावू देत नाही. अलाबामा सुसाट, सामन्याला नव्वदीच्या घरात. मानांकन दुसरं असलं तरी अलाबामाचा मार्क सिअर्स स्वस्त पडणार नाही.

आणि एका घरात दोन पॉलिसी काढू नयेत. घर पडलं की दोन्ही दावे एकदम येतात. ड्यूक आणि ह्यूस्टन ब्रॅकेटच्या एकाच बाजूला आहेत, टिकले तर उपांत्य फेरीत एकमेकांना भिडतील. एक या बाजूचा घेतलास तर दुसरा फ्लोरिडा-ऑबर्नच्या बाजूचा घे.

पुष्कळ झालं. चहा गार झाला.

श्रीकांतकाका

---

प्रेषक: अन्वय
सोमवार, १७ मार्च, सकाळी ११.३०

काका, त्या पर्ड्यूला घालवणारं फेअरली डिकिन्सन आपल्या टीनेकचं. २०२२ ला केंटकी आणि पर्ड्यू दोघांना घरी पाठवून शेवटच्या आठांत गेलेलं सेंट पीटर्स जर्सी सिटीचं, पंधरावं मानांकन. न्यूअर्क अव्हेन्यूवर डोसा खाऊन गाडी काढली की दहा मिनिटांत कॉलेज. २०२३ ला ॲरिझोनाला हरवणारं प्रिन्स्टनही पंधरावंच. तुमचं गणित नेहमी न्यू जर्सीची पोरं बिघडवतात! यंदा राज्यातला एकही संघ नाही, त्यामुळे कदाचित बरोबर येईल.

आई, ड्यूकचा कूपर फ्लॅग सगळ्यांत भारी आहे, पण १३ तारखेला त्याचा घोटा मुरगळला. रिस्क आहे. मला तिसऱ्या नंबरवर मिळाला तर मी घेईन.

---

प्रेषक: वैशाली
सोमवार, १७ मार्च, दुपारी १.१०

बाळा, तुला मिळावा म्हणून आईला घाबरवतोयस होय? मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज घोटेच बघते. दुपारच्या सुट्टीत ती क्लिप चारदा पाहिली. एक्स-रेत हाड शाबूत आहे म्हणतात. तेरापासून पहिल्या सामन्यापर्यंत आठ दिवस मिळतात, आणि पहिला सामना सोळाव्या मानांकनाशी, म्हणजे त्याला फार पळवायची गरजही नाही. एकोणीस वर्षांचासुद्धा नाही तो पोरगा. या वयात घोटा माझ्या पेशंटांसारखा सहा आठवडे कुरकुरत नाही.

फ्लॅग माझा. काकांचं गणित आणि माझा घोटा, दोन्ही जुळतंय.

---

प्रेषक: मिलिंद
मंगळवार, १८ मार्च, रात्री १२.२०

निवड आटोपली. पूर्ण तक्ता सोबत. ठळक तेवढं सांगतो.

वैशालीने फ्लॅग. मी ऑबर्नचा जोनाय ब्रूम. अन्वयने फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन ज्युनियर. ("आधी आयोनाला होता, न्यू रोशेलला, आपल्या बाजूचाच" हे कारण निवडीच्या नोंदीत लिहायचा त्याचा आग्रह होता.) सिअर्स राजेशकडे गेला.

आता काकांचं. आठव्या आणि नवव्या पाळीला त्यांनी ह्यूस्टनचा एल. जे. क्रायर घेतला, ते शास्त्रशुद्ध. दुसरा घेतला सेंट जॉन्सचा आर. जे. लुईस. झूमवर दोन सेकंद शांतता. पुढे पाचव्या फेरीत सेंट जॉन्सचाच कडारी रिचमंड. म्हणजे एका घरात दोन पॉलिसी! रिचमंड गेल्या वर्षापर्यंत आमच्या सीटन हॉलचा होता, त्याचं दुःख मला वेगळंच. काका, खुलासा हवा.

---

प्रेषक: श्रीकांत
मंगळवार, १८ मार्च, सकाळी ६.०५

खुलासा असा. मी १९८३ मध्ये या देशात आलो तेव्हा क्वीन्समध्ये एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. टीव्ही घरमालकाचा, खाली. १९८५ ला सेंट जॉन्स फायनल फोरला (शेवटच्या चारांत) गेलं, ख्रिस मलिन खेळत होता. मला फाऊल म्हणजे काय तेही कळत नव्हतं, पण मालकाच्या शेजारी बसून ओरडायला मिळायचं. त्या हिवाळ्यात माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलणारा तो एकच माणूस. त्यानंतर सेंट जॉन्स फायनल फोरला गेलेलं नाही. यंदा दुसरं मानांकन आहे.

हे विम्यात बसत नाही, मला माहीत आहे.

---

प्रेषक: राजेश
बुधवार, १९ मार्च, सकाळी ८.३०

हरकत! काल रात्री डेटनला फर्स्ट फोरमध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या आर. जे. डेव्हिसने २६ गुण केले, तीन गुणांचे सहाच्या सहा आत. तो अन्वयने सहाव्या फेरीत चोरून घेतलाय. ६४ च्या आधीचे हे सामने मोजायचे असं कोणी म्हटलं? त्याच्या खेळाडूला फुकटचा एक सामना जास्त!

आणि तो संघ आत आला कसा हाही प्रश्नच आहे. निवड समितीचे अध्यक्ष त्याच विद्यापीठाचे क्रीडासंचालक. चर्चेच्या वेळी ते खोलीबाहेर होते म्हणे. आमच्या शाळेत सरांचा मुलगा पहिला यायचा तेव्हा सरही पेपर तपासत नसत.

---

प्रेषक: श्रीकांत
बुधवार, १९ मार्च, सकाळी ९.००

नियमात "स्पर्धेतले गुण" लिहिलंय. स्पर्धा ६८ संघांची आहे, फर्स्ट फोर तिचाच भाग. निवड सोमवारी झाली, सामना मंगळवारी. पोराने आधी वाचलं, तुम्ही नंतर. २६ मोजायचे.

---

प्रेषक: मिलिंद
रविवार, २३ मार्च, सकाळी १०.४५

मोजले. पण राजेशने आता शांत व्हावं, शुक्रवारी ओल मिसकडून हरून डेव्हिसचा संघ गेलासुद्धा.

कालचा शनिवार म्हणजे कत्तलखाना. माझ्याकडे विस्कॉन्सिनचा जॉन टोन्ये होता. त्याने बीवाययूविरुद्ध ३७ गुण केले, सदतीस, आणि संघ ९१-८९ असा हरला. आनंद आणि सुतक एकाच मिनिटात. क्रायरने गोन्झागाविरुद्ध ३०, काका खूश झाले असतील असं वाटलं. पण सेंट जॉन्स दहाव्या मानांकनाच्या आर्कन्सॉकडून ७५-६६. लुईसने १७ पैकी तीन बास्केट केले, नऊ गुण. शेवटची जवळजवळ पाच मिनिटं प्रशिक्षक पिटिनोने त्याला बाकावरच बसवून ठेवलं.

काकांना फोन केला होता. काकू म्हणाल्या, बागेत आहेत. बाहेर अजून बर्फाचे ढीग आहेत, बागेत काय करताहेत कोण जाणे.

---

प्रेषक: राजेश
शुक्रवार, २८ मार्च, रात्री १.१५

न्यूअर्कहून आत्ता घरी पोचलो. झोप येणं शक्य नाही. सिअर्स: तीन गुणांचे दहा, एकूण ३४. अलाबामाने मिळून २५ थ्री टाकले, या स्पर्धेत इतके कधी कोणी टाकले नव्हते. बीवाययूवाले शेवटी नुसते बघत होते. दुसऱ्या सामन्यात वैशालीच्या फ्लॅगने ॲरिझोनाविरुद्ध ३०. वैशाली, घोट्याला नमस्कार. शनिवारी ड्यूक-अलाबामा, माझं तिकीट आहे, कोणाला ट्रेनने यायचं असेल तर एडिसन स्टेशनवर भेटा.

---

प्रेषक: मिलिंद
शनिवार, २९ मार्च, सकाळी ९.००

तळाला श्रीकांतकाका. सातव्या क्रमांकापेक्षा १९ गुणांनी मागे, तक्ता दोनदा तपासला. काका, एकशे दहा माणसं आहेत.

---

प्रेषक: श्रीकांत
शनिवार, २९ मार्च, सकाळी ९.२०

दही काल संध्याकाळीच टांगलं. मला गणित येतं.

---

प्रेषक: स्मिता (सचिव)
सोमवार, ३१ मार्च, सकाळी ७.३०

पाडवा छान झाला, सगळ्यांचे आभार. दोन तक्रारी. नाट्यगीत चालू असताना मागच्या तीन रांगांत "ब्रूम, ब्रूम" अशी कुजबुज चालली होती. गाणाऱ्या ताईंना वाटलं गाडीचा अलार्म आहे. आणि राजेश तोंड पाडून बसला होता म्हणून कोणीतरी त्याला मनःशांतीची गोळी दिली. (सिअर्सने शनिवारी सहा गुण केले असं नंतर कळलं.)

श्रीखंड पहिल्या पंगतीतच संपलं. केशर बेताचं, जायफळ नेमकं. पुढच्या वर्षीही काकांनीच तळाला यावं असा दुसऱ्या पंगतीचा ठराव आहे.

---

प्रेषक: अन्वय
मंगळवार, ८ एप्रिल, रात्री १२.४०

फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३!!! क्लेटनचे सहा सामन्यांत १३४. टेक्सस टेकविरुद्ध तीनेक मिनिटं राहिली असताना नऊने मागे होते तेव्हाच मी उशीत तोंड घातलं होतं. आईचा फ्लॅग पाच सामन्यांत १०५ वर थांबला, ह्यूस्टनने ड्यूकला उपांत्य फेरीत घालवलं, आणि काकांचा क्रायर अंतिम सामन्यापर्यंत पोचला. चारही पहिली मानांकनं फायनल फोरला होती. काकांचं पत्र अख्खं खरं ठरलं, फक्त काकांनी ते वाचलं नाही.

मी पहिला, आई दुसरी. ती अजून माझ्याशी बोलत नाहीये.

---

प्रेषक: श्रीकांत
मंगळवार, ८ एप्रिल, सकाळी ६.१०

अभिनंदन रे. वैशालीला सांग, सामन्यामागे २१ पडले, घोट्याचं निदान उत्तम.

पाड्व्याला आणलेलं माझं मोठं स्टीलचं पातेलं परत आलेलं नाही. झाकणावर हिचं नाव आणि १९७८ कोरलेलं आहे. ज्यांच्याकडे गेलं असेल त्यांनी कळवावं, ही रोज विचारते.

---

प्रेषक: राजेश
मंगळवार, ८ एप्रिल, सकाळी ८.४५

काका, पातेलं माझ्या गाडीच्या डिकीत आहे. त्या दिवशी मी कोणत्या अवस्थेत होतो ते सचिवांनी लिहिलंच आहे. झाकण मात्र वेगळंच दिसतंय, त्यावर "सौ. कुसुम" आहे. कोणाचं?