‘स्कीमाविरुद्ध पडताळणी’?? काहीतरी बरा शब्द सुचवा

प्रश्न

एक्सएमएल (टॅग लावून माहिती मांडायची पद्धत) फाइली वाचून त्यांची रचना उलगडणाऱ्या एका पार्सर लायब्ररीची मदतपानं मराठीत करतोय आणि पहिल्याच वाक्यात अडलोय. मूळ वाक्य आहे ‘व्हॅलिडेट द डॉक्युमेंट अगेन्स्ट द स्कीमा’ (स्कीमा म्हणजे फाइलची रचना कशी असावी याचे नियम). आधीच्या कच्च्या मसुद्यात कुणीतरी ‘दस्तऐवज स्कीमाविरुद्ध वैध करा’ असं लिहून ठेवलंय, वाचून वाटतं स्कीमावर दावाच लावायचाय. शिवाय वेल-फॉर्म्डला एकदा ‘सुव्यवस्थित’, एकदा ‘वैध’, आणि व्हॅलिडला कुठे ‘वैध’ कुठे ‘योग्य’ कुठे सरळ ‘बरोबर’. बोलताना आपण ‘जरा व्हॅलिडेट मारून घे’ म्हणतो पण ते छापता येत नाही ना. तुम्ही लोक काय वापरता?

उत्तर

‘विरुद्ध’ आधी काढा. या अगेन्स्टमध्ये विरोध नाहीये, शेजारी ठेवून जुळतंय का बघणं आहे, आणि त्याला मराठीत चांगला शब्द आहे: ताडून पाहणे. नक्कल मूळ प्रतीशी ताडून पाहतात तसं. ‘एक्सएमएल फाइल स्कीमाशी ताडून पाहा’, झालं. नाम हवं असेल तर पडताळणी, पण तिथेही ‘स्कीमानुसार पडताळणी’.

आणि ‘वैध करा’ तर मुळातच चूक. पार्सर काही वैध करत नाही हो, आहे की नाही ते फक्त सांगतो. ‘करा’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं लायब्ररी फाइल दुरुस्त करून देणार.

उत्तर

वेल-फॉर्म्ड आणि व्हॅलिड या दोघांना एकच शब्द अजिबात चालणार नाही, तिथे तडजोड नको. १९९८ च्या एक्सएमएल १.० मध्येच दोन्ही वेगळे बांधून दिलेत. वेल-फॉर्म्ड म्हणजे टॅग उघडला तो बंद केला, एकात एक नीट बसले, मूळ घटक एकच, ॲट्रिब्यूटची किंमत अवतरणात, हे सगळं स्कीमा नसतानाही बघता येतं. यात चुकलं की घातक चूक, पार्सरने पुढे नेहमीसारखं वाचत जायचंच नाही. व्हॅलिड म्हणजे त्याच्या पुढचं, कुठला घटक कशाच्या आत, किती वेळा, कुठल्या क्रमाने. इथे चुकलं तर ती साधी चूक, पार्सर ती कळवून पुढे वाचत राहू शकतो. मी पहिल्याला ‘सुघटित’ म्हणते. दुसऱ्याला ‘वैध’ चालेल, फक्त कशानुसार ते सोबत लिहा.

गंमत अशी की त्या १९९८ च्या व्याख्येत व्हॅलिड म्हणजे डीटीडीनुसार (रचनेचे नियम लिहायची जुनी पद्धत) व्हॅलिड, म्हणजे डीटीडी नसलेली फाइल कितीही सुघटित असली तरी त्या अर्थाने व्हॅलिड नाहीच. नियम लिहायची नवी भाषा एक्सएमएल स्कीमा (म्हणजेच एक्सएसडी) २००१ मध्ये आली, रिलॅक्स एनजी ही तशीच दुसरी भाषा पण त्याच सुमारास, म्हणून नुसतं ‘वैध’ लिहिलं की लगेच प्रश्न येतो, कशाप्रमाणे बाबा?

उत्तर

वरच्या ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. जावामध्ये हा घोळ नेहमीचा आहे. ‘सेट-व्हॅलिडेटिंग’ ट्रू केलं की लोकांना वाटतं एक्सएसडीची तपासणी चालू झाली, पण तो खटका डीटीडीचा आहे, स्कीमा द्यायचा तो ‘सेट-स्कीमा’ने. दोन्ही लावले की फाइल चांगली असूनही पार्सर डीटीडी कुठंय म्हणून ओरडत बसतो आणि माणूस दिवसभर एक्सएसडीत चूक शोधतो. तेव्हा त्या खटक्याचं भाषांतर ‘पडताळणी चालू करा’ असं मोघम करू नका प्लीज, ‘डीटीडीनुसार पडताळणी’ असंच लिहा.

अजून एक, सॅक्सच्या (एक्सएमएल ओळीने वाचत जायची पद्धत) डिफॉल्ट हँडलरमध्ये, म्हणजे चुका हाताळणाऱ्या आयत्या कोडमध्ये, ‘एरर’ची मेथड रिकामी असते, घातक चुकीला तो थांबतो पण साधी चूक गुपचूप गिळतो. त्यामुळे प्रोग्राम ‘ओके’ म्हणाला याचा अर्थ पडताळणीत पास झाली असा होतोच असं नाही.

उत्तर

‘बरोबर’ आणि ‘योग्य’ दोन्ही हद्दपार करा. शाळेत गुणाकाराचा ताळा करायचो ना, अंकांची बेरीज करून, तसंय हे. दोन अंकांची अदलाबदल झाली तरी ताळा जुळतो आणि उत्तर चुकलेलंच असतं. स्कीमात तारखेचा प्रकार ‘डेट’ ठेवला तर ३० फेब्रुवारी पकडला जाईल, ‘स्ट्रिंग’ ठेवला तर तोही खपून जाईल. आणि समाप्तीची तारीख सुरुवातीच्या आधीची असेल तर एक्सएसडी १.० ला ते सांगताच येत नाही, त्यासाठी २०१२ च्या १.१ मधलं ‘असर्ट’ (अट घालायची सोय) लागतं नाहीतर स्कीमाट्रॉन ही वेगळी नियमभाषा. लिबएक्सएमएल२ ही सी भाषेतली लायब्ररी वापरणाऱ्यांकडे तर एक्सएसडी १.० च आहे. म्हणून वैध म्हणजे एवढ्या नियमांत बसते इतकंच, आतली माहिती खरी की खोटी हे पार्सरला काय माहीत.

उत्तर

मला ‘वैध’ खटकतो, कायद्याचा वास येतो. ‘अवैध फाइल’ वाचून कुणी घाबरेल! मी ‘स्कीमाला धरून आहे / नाही’ असं लिहितो. बोलीत छान बसतं.

त्यावर

बोलीत बसतं हो, पण बटणावर काय लिहाल, ‘धरून’? विशेषण आणि त्याचं उलट दोन्ही लागतात, वैध-अवैधला पर्याय नाही. तुमचं ‘धरून’ समजावणाऱ्या मजकुरात ठेवा.

आणि फक्त दोनच शब्दांनी भागणार नाही हे पण बघा. एक्सएमएल स्कीमात निकाल तीन आहेत: वैध, अवैध आणि ‘नॉट-नोन’. स्कीमात वाइल्डकार्डला (‘इथे कुठलाही घटक चालेल’ अशी जागा) ‘लॅक्स’, म्हणजे ढिली तपासणी, लावलं असेल आणि त्या घटकाची व्याख्याच सापडली नाही तर तो न तपासता सोडून देतात. त्याला ‘अज्ञात’ नको, घटक समोर दिसतोय. ‘अनिर्णित’ घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

अनिर्णित घेतला, आवडला. वैध, सुघटित, ताडून पाहणे हेही नक्की. आता चूक कळवणारे संदेश. एक्सएमएललिंट हे तपासणीचं अवजार म्हणतं ‘फेल्स टु व्हॅलिडेट’, मसुद्यात आहे ‘वैध करण्यात अयशस्वी’.

उत्तर

त्याने वाटतं अवजारच बंद पडलं. अवजाराने तर काम चोख केलंय, फाइल नापास झालीय. ‘फाइल स्कीमात बसत नाही’ असं लिहा. कारण खरंच अडलेली केस वेगळी असते, एक्सएसडीतच चूक असली की स्कीमा उभाच राहत नाही आणि फाइल तपासायची वेळच येत नाही. एक्सएमएललिंट परत देतो तो आकडाही वेगळा, फाइल नापास तर ३ किंवा ४, स्कीमाच बिघडलेला तर ५. मराठीत दोन्हीला ‘अयशस्वी’ लिहिलं तर माणूस भलतीच फाइल दुरुस्त करत बसेल.

मूळ प्रश्नकर्ता

पटलं. शेवटचं एकच, ‘स्कीमा-लोकेशन’ हा ॲट्रिब्यूट फक्त ‘हिंट’ आहे असं मूळात म्हटलंय. सूचना लिहू का इशारा?

उत्तर

दोन्ही नको. सूचना म्हटलं की पाळायलाच हवी असं वाटतं, इशारा म्हणजे धमकी. तिथे नुसतं लिहा की स्कीमा कुठे मिळू शकेल ते फाइल सुचवते, ते मानायचं की नाही हे पार्सरवर. आणि बाहेरून आलेल्या फाइलींसाठी मानूच नका, स्कीमा आपल्याकडचाच द्या, ही ओळ त्याच परिच्छेदात ठळक टाका.