मदत हवी आहे: निकेल-कोबाल्ट फॉस्फाइडचा थर फोमवरून सुटतोय

सुपरकॅपॅसिटरसाठी (वीज साठवणारं उपकरण) इलेक्ट्रोड बनवतोय. 1×3 सेंमी निकेल फोम (सच्छिद्र निकेलचा पत्रा) 3 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात 15 मिनिटं सोनिकेट (ध्वनिलहरींनी साफ) करून घेतला. 35 मिली पाण्यात निकेल नायट्रेट 1 मिलीमोल, कोबाल्ट नायट्रेट 2, युरिया 10, अमोनियम फ्लोराइड 4. ऑटोक्लेव्हमध्ये (बंद दाबपात्र) 120 अंशांवर 6 तास. गुलाबी-जांभळा थर छान एकसारखा बसतो. मग ट्यूब फर्नेसमध्ये वायूच्या वरच्या बाजूला 0.5 ग्रॅम सोडियम हायपोफॉस्फाइट, आरगॉन, मिनिटाला 2 अंश, 300 अंशांवर 2 तास. हायपोफॉस्फाइट तापल्यावर निघणारा फॉस्फिन वायू विषारी असल्याने बाहेर जाणारा वायू कॉपर सल्फेटच्या द्रावणातून सोडतो, हे कुणीही टाळू नये.

अडचण इथून पुढे. काळा झालेला फोम चिमट्यात धरला की कडेने तुकडे पडतात. 6 मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये चार्ज-डिस्चार्जच्या 2000 चक्रांनंतर क्षमता निम्मी उरते आणि सेलच्या तळाशी काळी भुकटी साचते. फोमचं निकेलसुद्धा फॉस्फाइड होऊन ठिसूळ होत असावं, असा माझा अंदाज. तसं असेल तर वजनातली वाढ म्हणजे सक्रिय (चार्ज साठवणारा) पदार्थ, हा हिशोबही चुकतो. शिवाय अल्कलीत पृष्ठभागाचं ऑक्सिहायड्रॉक्साइड होतंच.

हायपोफॉस्फाइट 0.2 ग्रॅमवर आणावं, की तापमान 280 करावं? कार्बन क्लॉथवर हाच थर टिकवलेला कुणी आहे का? कापड आधी नायट्रिक आम्लात किती वेळ ठेवता? विद्युतप्रवाह-व्होल्टेज वक्रावर स्पष्ट रेडॉक्स शिखरं आहेत, म्हणजे पदार्थ बॅटरीसारखा वागतो; त्यामुळे आकडे फॅराडऐवजी कूलोम प्रति ग्रॅममध्ये दिलेत तर तुलना नीट होईल.