लोखंड बीसीसीच का? डीएफटीत एचसीपी येतंय

जालक:
धातूतले अणू गोळे मानून रचले तर एफसीसी (पृष्ठकेंद्री घन) आणि एचसीपी (षट्कोनी घट्ट) रचनेत ७४ टक्के जागा भरते, बीसीसीत (अंतःकेंद्री घन) ६८. मग लोखंड, टंगस्टन, सोडियम सैल रचनेत का बसतात? शिवाय क्वांटम एस्प्रेसो या डीएफटीच्या (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याच्या पद्धतीच्या) सॉफ्टवेअरमध्ये लोखंडाची एचसीपी ऊर्जा बीसीसीपेक्षा कमी येतेय. चुकतंय कुठे?

ओतारी:
आधी कडक गोळ्यांचं चित्र सोडा. ९१२ अंश सेल्सिअसला लोखंड बीसीसीचं एफसीसी होतं. अणू कडक गोळे असते तर आकारमान ८ टक्क्यांनी घटलं असतं. घटतं जेमतेम १ टक्का. शेजारी वाढले की प्रत्येक बंध जरा लांबतो. आणि बीसीसीत सख्खे शेजारी ८ असले तरी चुलत ६ फक्त १५ टक्के लांब असतात, त्यांचाही बंधात वाटा असतो. लोखंडाचे अणू सुटे करायला अणूमागे ४.२८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. रचनारचनांतला फरक त्याच्या काही टक्के. इतक्या कमी फरकावर निकाल ठरतो, त्यामुळे 'घट्ट म्हणजे स्थिर' हा नियम चालत नाही.

शून्यमिती:
ठरवतात ते मुख्यतः डी-इलेक्ट्रॉन, म्हणजे डी-कक्षकांतले इलेक्ट्रॉन. संक्रमण धातूंच्या तक्त्यात डावीकडून चला: टायटॅनियम, झिर्कोनियम एचसीपी, व्हॅनेडियम-क्रोमियमचे गट बीसीसी, रुथेनियम, ऑस्मियम पुन्हा एचसीपी, पुढे ऱ्होडियम, पॅलेडियम, चांदी एफसीसी. बीसीसीच्या डी-पट्ट्यात (या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांच्या पट्ट्यात) मधोमध खोल दरी असते, तिथे पातळ्या फार कमी. पट्टा साधारण अर्धा भरला की सगळे इलेक्ट्रॉन दरीच्या खालच्या बाजूला मावतात, म्हणून टंगस्टन बीसीसी.

लोखंड रुथेनियमच्याच गटातलं, म्हणजे हिशेबाने एचसीपीच व्हायला हवं! त्याला बीसीसीत धरून ठेवतं चुंबकत्व. सुमारे १३ गिगापास्कल दाबाखाली ते एचसीपी होतं, आणि बीसीसीचं लोहचुंबकत्वही जातं. तुमचं उत्तर बहुधा बिनचुंबकी लोखंडाचं आहे आणि तेवढ्यापुरतं बरोबर आहे. सोडियमला हा डी-पट्ट्याचा हिशेब लागू नाही. तिथे फरक इतका सूक्ष्म की अतिशीत तापमानाला तोही अंशतः घट्ट रचनेत जातो.

जालक:
एनस्पिन २ (चुंबकत्व धरून गणित करायचा पर्याय) ठेवलंय, तरी शून्य चुंबकत्व येतंय.

शून्यमिती:
सुरुवातीचं चुंबकन दिलंत का? ते शून्य असेल तर गणित बिनचुंबकी अवस्थेतच अडकून राहतं. ०.५ च्या आसपास द्या. शेवटी अणूमागे सुमारे २.२ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) यायला हवेत. दुसरं, एलडीए (इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेचं साधं सन्निकटन) वापरत असाल तर चुंबकत्व धरूनही लोखंड एचसीपीच निघेल. ही त्या सन्निकटनाची जुनी खोड आहे, पीबीई हे दुसरं सन्निकटन घ्या. दोन्ही रचनांना के-बिंदूंची (गणिताच्या जाळीतल्या बिंदूंची) घनता, कटऑफ (तरंगांची ऊर्जामर्यादा) आणि स्मिअरिंग (पातळ्यांची भरण जराशी पसरवणं) सारखंच ठेवा, नाहीतर आलेला फरक जाळीचा असेल, धातूचा नव्हे. एचसीपीत उंची आणि पायाचं गुणोत्तर १.६३३ वर गोठवू नका, शिथिल होऊ द्या. जस्तात ते १.८५६ आहे, म्हणजे किती ताणलं जाऊ शकतं ते बघा.

ओतारी:
एक पुरवणी. हे सगळं शून्य केल्व्हिनचं. तापमान वाढलं की कंपनांची एंट्रॉपी बोलू लागते आणि बीसीसीत काही कातर-कंपनं (अणूंचे थर एकमेकांवर सरकवणारी) फार मऊ असतात. टायटॅनियम ८८२ अंशांना बीसीसी होतं ते त्यामुळेच. लोखंडही १३९४ ला पुन्हा बीसीसी होऊन मगच १५३८ ला वितळतं. स्थिर गणितातून हे संक्रमण दिसणार नाही. फोनॉन (अणूंच्या जाळीची कंपनं) काढावे लागतील, आणि टायटॅनियमच्या बीसीसीत काहींची वारंवारता शून्य केल्व्हिनला काल्पनिक येते, म्हणजे ती रचना तिथे अस्थिर असते. तेव्हा दचकू नका.