पुणे-नागपूर नक्की किती किमी? आणि विमानाला एवढा वेळ का लागतो?

कोथरूडची_चिमणी:
दिवाळीत आईला घेऊन बहिणीकडे नागपूरला जायचंय. आईचे गुडघे दुखतात त्यामुळे ट्रॅव्हल्सची स्लीपर बाद. एका साइटवर अंतर ६०० किमी दाखवतंय, मॅपवर ७०० च्या वर आणि रेल्वेचं बघितलं तर ८८१! खरं कुठलं धरायचं? आणि विमान ८०० च्या स्पीडने जात असेल तर पाऊण तासात पोचायला हवं ना, तिकिटावर १ तास २५ मिनिटं कशी? भाऊ म्हणतोय समृद्धी आहे आता, कारनेच जाऊ.

खिडकीची_सीट:
तिन्ही खरे आहेत. ६०० म्हणजे नकाशावर सरळ पट्टी ठेवून, ७०० अहिल्यानगर-संभाजीनगर करत रस्त्याने, आणि रेल्वे दौंड, मनमाड, भुसावळ असा मोठा वळसा मारते म्हणून ८८१. वंदे भारत धरली तरी पुणे ते अजनी (नागपूरचंच स्टेशन) १२ तास आणि तेही बसून, गुडघ्यांचं काय होईल विचार करा.
आता विमानाचं. तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते, इथल्या जागेवरून हलल्यापासून तिथे जाऊन उभं राहीपर्यंतची असते. त्यात पुण्याचं लोहगाव विमानतळ पडलं हवाईदलाचं, सुखोई उडत असले की आपण रांगेत. शिवाय ८०० चा स्पीड फक्त वर गेल्यावर, चढताना उतरताना बराच कमी. हवेत खरं तर तासभरच असतो. छोटं पंख्याचं एटीआर असेल तर अजून वेळ, ते साधारण ५०० नेच जातं.

वऱ्हाडी_ठेचा:
ताई, कारच्या भानगडीत पडूच नका. समृद्धी मस्त हाय, १२० ची लिमिट हाय, पण तुमाले ते लागते कुठून? संभाजीनगरपासून! तिथवरच्या २३५ किमीले शिक्रापूर-रांजणगावच्या ट्राफिकनं पाच तास खाल्ले होते आमचे, अन् पुढचे साडेचारशे तेवढ्याच वेळात झाले. आईले विमानानंच आना. सोनेगावचं विमानतळ शहरातच हाय, मेट्रो हाय, घ्यायले जावई येतीलच म्हना. अन् विमानाच्या बाबतीत नागपूरले कमी नका समजू बाप्पा, १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची टपालाची विमानं मध्यरात्री इथंच जमायची, थैल्यांची अदलाबदल करून परत जायची.

खिडकीची_सीट:
हे टपालाचं भारी आहे 😄 अजून एक, थंडीत वर पश्चिमेकडून जोराचं वारं असतं, त्यामुळे जाताना थोडं लवकर आणि येताना पाच-दहा मिनिटं जास्त लागू शकतात, घाबरू नका. व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगून ठेवा, पैसे पडत नाहीत. आणि शेवटचं रात्रीचं विमान टाळा, मागच्या वर्षी आमचं साडेदहाचं विमान पहाटे दोनला हललं होतं.

कोथरूडची_चिमणी:
थँक्स सगळ्यांना! म्हणजे घरातून निघून बहिणीच्या दारात पाच तास धरते, दीड नाही. सकाळचं बघते, भावाला म्हटलं तुला हवं तर तू ये कारने, येताना फराळाचे डबे तूच आण.

वऱ्हाडी_ठेचा:
अन् जाताना संत्र्याची पेटी बी त्याच्याच डिक्कीत टाका.