बालरुग्णांच्या मदतीसाठी हौशी फुटबॉल स्पर्धा : पैसे कोणाच्या हाती द्यावेत?

प्रश्न (शिवाजी पेठ, कोल्हापूर)
एकेकाळी तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळलेले आणि आता हौसेपोटी रविवारी सकाळी मैदानावर उतरणारे आम्ही काही चाळिशीपुढचे मित्र जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांच्या मदतीसाठी एक दिवसाची फुटबॉल स्पर्धा भरविणार आहोत. संघांची प्रवेश फी, दोन-चार व्यापाऱ्यांचे प्रायोजकत्व आणि मैदानावरची दानपेटी यांतून निधी जमेल. मात्र परवानगी, पावत्या आणि पैसे कोणाकडे सोपवावेत, यांवर आमचे एकमत होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (मंडळाचे माजी खजिनदार)
आपला गट नोंदणीकृत न्यास नसेल, तर गणेशोत्सवात मंडळे वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली घेतात तशी परवानगी आधी धर्मादाय कार्यालयातून घ्यावी. व्यापारी पहिल्यांदा ‘८०जी’ची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी पावती मागतात. ती मान्यताप्राप्त संस्थाच देऊ शकते आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला करसवलत मिळत नाही. म्हणून मोठ्या रकमा धनादेशाने थेट अशा संस्थेच्या खात्यात जमा करवून घ्याव्यात.

उत्तर (रुग्णालयातील समाजसेवा विभागात काम केलेल्या ताई)
दादा, शस्त्रक्रियेचा खर्च उचलण्याची घाई करू नका. २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतील आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते, हृदयदोष आढळलेल्या मुलांना मोफत शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठविले जाते. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि तितक्याच दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. गाडे अडते ते इतरत्र. गगनबावड्याकडची आई कॅरीबॅगेत इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात येते. तिला पुण्या-मुंबईला जायला सांगितले की प्रवास, तिथला मुक्काम, नवऱ्याची बुडणारी रोजंदारी आणि पुन:पुन्हा तपासणीला जाणे यांचा पूर्ण खर्च कोणत्याच योजनेच्या कागदावर बसत नाही. आपला निधी त्यासाठी राखावा. आणि फ्लेक्सवर मुलाचा फोटो छापू नये. मदत घेतली म्हणून त्याचे आजारपण साऱ्या पेठेला कळण्याचे कारण नाही.

उत्तर (जुना गोलरक्षक)
रोख बक्षीस ठेवू नका, नाहीतर जमलेले पैसे तिथेच जातील, चषक पुरे. मात्र चिठ्ठ्या टाकून सगळे संघ मिसळण्याची कल्पना कोणी मांडली तर मी तिच्या विरोधात आहे. शाहू स्टेडियमवर गर्दी होते ती पेठापेठांतील ईर्षेमुळेच, आणि गर्दीशिवाय दानपेटी भरत नाही. पंच मात्र बाहेरचे, मानधन देऊन आणावेत. चाळिशीनंतर धावायचे म्हटल्यावर रुग्णवाहिका मैदानाबाहेर उभी हवी, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्नकर्ता
ताई, हे आमच्या डोक्यातच आले नव्हते. प्रवास आणि मुक्कामाची रक्कम पालकांच्या हाती रोख द्यावी की संस्थेमार्फत तिकिटे काढून द्यावीत?

उत्तर (ताई)
तिकिटे आणि मुक्कामाचे पैसे संस्थेमार्फत परस्पर भरावेत. जेवणखाण आणि बुडालेल्या मजुरीपोटीची रक्कम मात्र आईच्या बँक खात्यावर जमा करावी, कारण ती कुठे लागणार हे तिलाच ठाऊक असते.