मदत हवी आहे: खरबूज आणि प्रोशुत्तो, आज संध्याकाळीच

बोलकी_चटणी: सातला पाहुणे येताहेत. या उकाड्यात गॅस पेटवायचा नाही, म्हणून खरबूज-प्रोशुत्तो (खरबुजाच्या फोडींवर इटालियन हॅमचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांडीचे, पातळ काप) ठरवलंय. आधी मांडून ठेवलं की पाणी सुटतं आणि हॅम लिबलिबीत होतं. काय करू? लवकर सांगा, प्लीज.

उडीदवडा: कुठे राहता? माणसं किती? हॅम क्रूदो (कच्चं, खारवून वाळवलेलं) की कोत्तो (शिजवलेलं)? पाकिटातलं की कापून घेतलेलं?

बोलकी_चटणी: इटलीत, बोलोन्यात. सहा जण. क्रूदोच, खरबुजाबरोबर दुसरं काय घेणार! पार्माचं, काउंटरवरून दोन एत्तो (दोनशे ग्रॅम) कापून आणलंय. फ्रिजमध्ये आहे.

उदिनेकर: पार्मा कशाला? सान दानिएले घ्यायचं. जास्त गोडसर लागतं, खरबुजाबरोबर तेच शोभतं.

माजघर: एमिलियात, म्हणजे बोलोन्या-पार्माच्या भागात, राहून फ्रिउलीचं सान दानिएले का आणायचं? पार्मात डुकराची मांडी आणि मीठ, तिसरं काही नाही.

उदिनेकर: सान दानिएलेतही मांडी आणि मीठच असतं. उलट त्याला खूर तसाच ठेवतात, त्यामुळे लांबूनही ओळखू येतं.

माजघर: पार्माला पाच टोकांचा मुकुट डागलेला असतो. ओळखायचंच असेल तर तो बघा.

टमाटू: मी म्हणते, सरळ मोझारेला, टोमॅटो आणि तुळस करा. शाकाहारीही खातात.

बोलकी_चटणी: हॅम आणून झालंय हो. पाण्याचं सांगा ना कुणीतरी.

खडीसाखर: मी सांगते. पाणी मिठामुळे सुटतं. काकडीच्या कोशिंबिरीत आधी मीठ घातलं की होतं, तेच. खारट हॅम फोडीवर टाकलं की ते रस ओढून घेतं. म्हणून दोन्ही एकत्र करायचंच नाही. खरबूज आत्ता कापा, बिया काढा, फोडी चाळणीत घालून खाली ताट ठेवा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सातला कागदाने टिपून घ्या. हॅम वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा, पण कागदातच राहू द्या. गार चरबी घट्ट असते, काप सोडवताना फाटतात आणि वासही येत नाही. चरबीची पांढरी कड काढू नका, चव तिथेच आहे. पाहुणे बसले की काप फोडींवर सैल टाका, आवळून गुंडाळू नका.

मासेमारे: ग्रिस्सिनीला (पावाच्या कुरकुरीत काड्या) गुंडाळा, पाण्याचा प्रश्नच मिटला.

खडीसाखर: तीही आधी गुंडाळली तर मऊ पडते. तेव्हाचं तेव्हाच करायचं.

मासेमारे: गोव्याचं चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असं कापून चालेल का? माझ्याकडे आहे.

माजघर: नाही! ते शिजवूनच खायचं. वेगळा धागा काढा.

उडीदवडा: पाहुण्यांत कुणी डुकराचं न खाणारं? कुणी गरोदर?

बोलकी_चटणी: एकीला पाचवा महिना आहे. का?

उडीदवडा: क्रूदो कच्चं असतं. टॉक्सोप्लाझ्मा (कच्च्या मांसातूनही होणारा संसर्ग) आधी होऊन गेलेला नसेल, तर इटलीतले डॉक्टर गरोदरपणात ते बंद करायला सांगतात. तिला आत्ताच विचारा. खरबुजाची सालही कापण्याआधी नीट धुवा.

बोलकी_चटणी: फोन केला. क्रूदो खात नाही म्हणाली, बरं झालं विचारलं! तिच्यासाठी वेगळ्या सुरीने खरबूज कापून पार्मिजानो चीजचे तुकडे ठेवते. खडीसाखर, फोडी चाळणीत ठेवल्या.

उदिनेकर: पुढच्या वेळी सान दानिएले आणा, मग बोलू.

टमाटू: खरबुजाच्या बिया टाकू नका, वाळवून सोलून खाता येतात.