कुपवाड एमआयडीसी: मेंटेनन्सच्या पोरांना ट्रेनिंग द्यावं का? पैसे वसूल होतात का?

स्पिंडलवाला
नमस्कार मंडळी. कुपवाडला छोटं मशीन शॉप आहे. चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे) लेथ, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीनं), हवेचा एक स्क्रू कॉम्प्रेसर, दोन पाळ्या. मेंटेनन्सला दोघं, एक आयटीआय फिटर आणि एक इलेक्ट्रिशियन. पुण्याचा एक ट्रेनर आमच्या शेडमध्ये येऊन तीन दिवस शिकवायचे ६०,००० अधिक जीएसटी मागतोय. माझा मशीन-तास सरासरी ४५० ला पडतो. पार्टनर म्हणतो, शिकवलं की पोरं चाकणला पळणार. काय करावं?

ग्रीसगन
नोंदणी असेल तर जीएसटीचं क्रेडिट मिळेल, ते सोडा. ६०,००० भागिले ४५० म्हणजे १३३ तास. वर्षभर महिन्याला मशीन बंद राहायचे ११ तास कमी झाले की फिटले. पण हा ४५० सगळीकडे लावू नका. एक लेथ बसला आणि जॉब शेजारच्या लेथवर गेला तर फारसं काही बुडत नाही. व्हीएमसीपुढं रांग असेल तर मात्र तिचा तास ४५० चा नाहीच, त्यात ओव्हरटाइम आणि चुकलेली डिलिव्हरी पण धरा. ब्रेकडाउन रजिस्टर आहे का?

स्पिंडलवाला
आहे की. पण त्यात "मशीन बंद. दुरुस्त केले." एवढंच असतंय.

ग्रीसगन
झालं मग! आधी महिनाभर वेळा लिहायला लावा. कधी बंद पडलं, फिटर कधी आला, पार्ट कधी मिळाला, चालू कधी झालं. बराचसा वेळ पार्टची नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरची वाट बघण्यात जात असेल, तर ट्रेनिंगनं तो वाचत नाही. प्रॉक्सिमिटी सेन्सर, बेल्ट, सोलेनॉइड कॉइल कपाटात आणून ठेवा, ते स्वस्त पडेल.

जुना_फिटर
मी वाळवा तालुक्यातल्या साखर कारखान्यात होतो. गळीत हंगाम संपला की मिल उघडायची, नव्या पोरांना शिकवायचं ते पण तेव्हाच. हंगामात कोण ऐकतंय? तुम्हाला ऑफ-सीझन नाही, म्हणून विचारतो: त्या तीन दिवसांत दोघांना कुणी हाका मारणार नाही, एवढी सोय आहे का? नसेल तर पैसे देऊ नका.

दुसरं, ट्रेनरला सांगा, पडद्यावरची चित्रं नकोत. आमचंच मशीन उघडा. लुब्रिकेशन लाइनचं तेल शेवटच्या स्लाइडपर्यंत पोचतंय का, कपलिंगचं अलाइनमेंट डायल गेजनं कसं बघायचं, मोटरच्या बेअरिंगला ग्रीस किती. ग्रीस जास्त झालं तरी बेअरिंग तापतं हे पोरांना पटतच नाही, पिचकारी रिकामी करूनच थांबतात.

हवा_गळती
ट्रेनर यायच्या आधी एक फुकटचं काम. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू, आणि साबणाचं पाणी घेऊन हवेच्या लाइनचे सगळे जॉइंट फिरा, बुडबुडे आले तिथं गळती. ७ बारला ३ मिमीच्या एका भोकातून जाणारी हवा तयार करायला साधारण ३.५ किलोवॅट लागतात. रोज १६ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १६,८०० युनिट. तुमच्या बिलातल्या दरानं गुणा.

पॅनलबॉय
मी नोकरदार इलेक्ट्रिशियन, मिरज एमआयडीसी. चाकणला पळण्याबद्दल बोलतो. पोरगं ट्रेनिंगमुळं नाही, पगारामुळं पळतंय दादा. शिकून आल्यावर त्याच पगारात जास्त काम अंगावर पडलं तर कोण थांबेल? बाँड लिहून घेतला तर मन आधीच उडतं. ट्रेनिंगच्या आधीच सांगा, अमुक अमुक स्वतः करायला लागलास की एवढी वाढ. आणि दोघांनाही बसवा, एक गेला तरी विद्या शेडमध्ये राहते.

ट्रेनिंगमध्ये कंट्रोलचा, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरचा, बॅकअप घ्यायला नक्की शिकवून घ्या. फॅनक कंपनीच्या कंट्रोलची बॅटरी पॉवर चालू ठेवूनच बदलायची. बंद करून काढली तर पॅरामीटर (मशीनची सेटिंग्ज) उडायची भीती, मग बाहेरून माणूस येईपर्यंत मशीन उभं.

एमटीएम_काका
तिसरा माणूस हवाच असेल तर आयटीआयच्या "मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स" ट्रेडचा शिकाऊ घ्या, दोन वर्षांचा ट्रेड आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा काही वाटा केंद्र सरकार उचलतं. पुढचं मशीन घेताना ऑर्डरमध्येच दोन जणांचं मेंटेनन्स ट्रेनिंग लिहून घ्या. आगाऊ दिल्यावर विक्रेता फोनसुद्धा उचलत नाही.

आणि खरा खर्च ६०,००० नव्हेच. शिकलेलं करायला दर आठवड्याला प्रत्येक मशीन तासभर बंद ठेवावं लागेल. सहा मशीनं, वर्षाचे ५० आठवडे, ३०० तास, तुमच्या दरानं १,३५,०००. व्हीएमसी थांबवायला प्रॉडक्शनवाला हो म्हणणार का, ते आधी विचारा. तो नाही म्हणाला तर पोरं शिकून परत ब्रेकडाउनची आग विझवायलाच धावणार.

स्पिंडलवाला
हे १,३५,००० चं पार्टनरला दाखवलं, गप्पच झाला. ठरलंय असं: पुढचा महिना रजिस्टर नीट, येत्या सुट्टीला साबणाचं पाणी. व्हीएमसी शनिवारी दुसऱ्या पाळीत तासभर थांबेल. ट्रेनरला सांगितलंय की आधी एकच दिवस ये, फक्त व्हीएमसीवर, बाकीचं नंतर बघू. तो २५,००० म्हणतोय. जास्त होतंय का हो?

ग्रीसगन
एका दिवसाचे तीन दिवसांच्या भावानं २०,००० होतात. जायचा-यायचा खर्च त्यातच घाल म्हणावं.